जिनिंगमधले कपॅसिटर सारखे फुटून रायले, ॲक्टिव्ह फिल्टर घ्यावा का?

जिन_हिंगणघाट

राम राम मंडळी. हिंगणघाटपासून थोडं आत आमची जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे मालकाची, मी तिथलं इलेक्ट्रिकल पाहतो. ११ केव्हीचं एचटी कनेक्शन, ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ११ केव्ही ते ४३३ व्होल्ट, नेमप्लेटवर इंपीडन्स ४.५ टक्के लिहिलेला. डीआर जिन (डबल रोलरचे, सरकी वेगळी करणारे) सगळे डायरेक्ट मोटरवर, प्रेसचा हायड्रोलिक पंप स्टार-डेल्टावर. मागच्या सीझनपर्यंत काही म्हणजे काही त्रास नव्हता. यंदा मालकानं सक्शनचे ब्लोअर, प्री-क्लीनर आणि कन्व्हेअर सगळे व्हीएफडीवर (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारे ड्राइव्ह) घेतले, वीज वाचते म्हणून, आणि वाचते पण, ते खोटं नाही. पण तेव्हापासून एपीएफसी पॅनलमधले (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं पॅनल) कपॅसिटर टिकतच नाहीत. डबा वरून फुगतो, मग फ्यूज जातो, कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे पडून चिकटतात, आणि एक-दोन तर असे फुटले की पॅनलचं दार आतून बाहेर वाकलं. आजूबाजूला सगळी रुई उडत असते, ठिणगी पडली तर काय होईल याचा विचार करूनच पोटात गोळा येतो.

पॅनल २५० केव्हीएआरचं (कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) आहे, २५ च्या १० स्टेप, ४४० व्होल्टचे साधे कपॅसिटर, रिॲक्टर (कपॅसिटरसोबत लागणारी कॉइल) वगैरे काही नाही. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती सांगतो, आठवी स्टेप आत आली की ट्रान्सफॉर्मरचा आवाजच बदलतो, नेहमीची घूं सोडून किरकिर सुरू होते, आणि वजनकाट्याचा आकडा नाचायला लागतो. स्टेप सुटली की परत ठीक.

त्यात वीज कंपनीचं पत्र आलंय की तुमच्याकडून हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतल्या जादा लाटा) जास्त येतात, बंदोबस्त करा. एक व्हेंडर येऊन मीटर लावून गेला, तो म्हणतो २०० ॲम्पियरचा ॲक्टिव्ह हार्मोनिक फिल्टर लावा, सगळं मिटेल. किंमत ऐकून मालक गप्पच बसले. दुसरा म्हणतो कशाला एवढा खर्च, हेवी ड्यूटी कपॅसिटर टाका. आता कोणाचं ऐकावं? ज्याला अनुभव आहे त्यानं कृपा करून सांगा, सीझन चालू आहे, कापसाच्या गाड्या दारात उभ्या आहेत.

वायरमन_यवतमाळ

भाऊ, हेवी ड्यूटीच्या भानगडीत पडू नका. आमच्याइकडं एका जिनिंगनं तेच केलं होतं, नवे डबे टाकले अन् तेही फुगले, काहून की रोग डब्यात नाहीच ना बावा, रोग बाहेरून येऊन रायला. ड्राइव्ह आल्यावर सुरू झालं म्हणता म्हणजे हार्मोनिकच हाय.

आधी एक सोपं काम करा. ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर घ्या, साधा स्वस्तातला नको, तो हार्मोनिक असला का कमी दाखवते. एकेका कपॅसिटरच्या वायरीवर लावून करंट पाहा. २५ केव्हीएआर ४४० व्होल्टले साधारण ३३ ॲम्पियर घ्यायले पाह्यजे. कपॅसिटरच्या स्टँडर्डमध्ये १.३ पट, म्हणजे ४२-४३ पर्यंत सहन करते असं लिहिलं असते. त्याच्या वर गेला का समजा डबा उकडून रायला. अन् तो आठव्या स्टेपचा आवाज तुम्ही बरोबर पकडला, लय कामाची गोष्ट हाय ती. पाच स्टेपवर किती, सहावर किती, आठवर किती, असं लिहून आणा मंग बोलू.

अन् हो, हात घालायच्या आधी पॅनल बंद करून पाच मिनिटं थांबा, मंग टेस्टरच्या भरवशावर न राहता डिस्चार्ज करूनच हात लावा. डिस्चार्जचा रेझिस्टर जळालेला असला तर बंद डबाही झटका देते.

केव्हीएआर_नागपूर

जिन_हिंगणघाट दादा, तुमची आठव्या स्टेपची नोंद वाचली आणि लगेच कागद घेऊन बसलो, कारण त्यात उत्तर जवळजवळ आलेलंच आहे.

व्हीएफडीच्या तोंडाशी सहा डायोडचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) असतो. तो लाईनमधून सलग करंट घेत नाही, व्होल्टेज माथ्यावर असतं तेवढाच वेळ हिसक्यानं घेतो. असा तुटक करंट म्हणजे ५० हर्ट्झच्या मूळ लाटेवर ५ वा, ७ वा, ११ वा, १३ वा हार्मोनिक चढलेला, म्हणजे २५०, ३५०, ५५०, ६५० हर्ट्झ. पुस्तकात ५ वा २० टक्के आणि ७ वा १४ टक्के असं देतात, पण चोक नसलेल्या ड्राइव्हमध्ये यापेक्षा बराच जास्त असतो. तुमच्या ड्राइव्हला लाईन चोक किंवा आत डीसी चोक (करंटचा हिसका कमी करणारी कॉइल) आहे का, ते कळवा.

आता कपॅसिटर का फुटतात. ट्रान्सफॉर्मर म्हणजे इंडक्टन्स, पॅनल म्हणजे कपॅसिटन्स, आणि दोघं मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीला रेझोनन्समध्ये जातात. कितव्या हार्मोनिकला ते काढायचं सूत्र सोपं आहे, शॉर्ट सर्किट केव्हीए भागिले चालू कपॅसिटरचे केव्हीएआर आणि त्याचं वर्गमूळ. तुमचा ट्रान्सफॉर्मर ५०० भागिले ०.०४५ म्हणजे ११,१०० केव्हीए. मागची ११ केव्हीची लाईन काही अगदी ताकदवान नसते, तिचा इंपीडन्स धरला की साधारण १०,००० च्या आसपास येतं. आठ स्टेप म्हणजे २०० केव्हीएआर. १०,००० भागिले २०० बरोबर ५०, त्याचं वर्गमूळ ७.०७. म्हणजे आठवी स्टेप आत आली की तुमची सिस्टिम अगदी सातव्या हार्मोनिकवर जाऊन बसते आणि ड्राइव्हमधून सातवा येतोच आहे. ड्राइव्हनं जेवढा सोडला त्याच्या कितीतरी पट करंट ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या मध्ये फिरत राहतो. ती किरकिर तीच.

म्हणून हेवी ड्यूटी कपॅसिटरनं काही होणार नाही, रेझोनन्स केव्हीएआरवर ठरतो, डब्याच्या मजबुतीवर नाही. आणि मला शंका आहे की फिल्टरवाल्यानं रीडिंग कपॅसिटर चालू ठेवूनच घेतलंय, नाहीतर २०० ॲम्पियर कुठून आले. शक्य असेल तर पॉवर ॲनालायझर भाड्यानं आणा, नागपूर-अमरावतीला मिळतो, आणि मेन एलटी इन्कमरवर (ट्रान्सफॉर्मरकडून ४३३ व्होल्ट येतात तिथं) दोन वेळा रीडिंग घ्या, एकदा कपॅसिटर चालू, एकदा पूर्ण बंद, बाकी लोड तोच ठेवून.

जिन_हिंगणघाट

खूप आभार दोघांचे. क्लॅम्पवर पाच स्टेप असताना एका डब्याला ३६-३७ दिसतो, आठवर ४७-४८. म्हणजे वायरमन भाऊंनी सांगितल्याप्रमाणं मर्यादेच्या वर.

ॲनालायझर आणला. सगळे जिन आणि ड्राइव्ह चालू असताना मेनला मूळ करंट ४५० ॲम्पियर, करंटचा टीएचडी (मूळ लाटेच्या तुलनेत हार्मोनिक किती) ४३ टक्के आणि व्होल्टेजचा ८.९ टक्के, हे आठ स्टेप आत असताना. कपॅसिटर पूर्ण काढले तर मूळ करंट ४७० झाला, करंट टीएचडी २० टक्के, व्होल्टेज ४.२ टक्के. मी पाहतच राहिलो, कपॅसिटर काढले आणि हार्मोनिक निम्म्याच्या खाली आलं. ड्राइव्हचा सगळा मिळून करंट २२० च्या आसपास. चोक एकालाही नाही, स्वस्त पडावं म्हणून तसेच घेतले होते.

तोवर कपॅसिटर बंदच ठेवू का? पण एचटीचं बिल केव्हीएएचवर येतं, पॉवर फॅक्टर पडला तर मालक मला झोपू देणार नाहीत.

वायरमन_यवतमाळ

४५० च्या ४३ टक्के म्हंजे १९० च्या वर ॲम्पियर झाले. घ्या, हे राहिले त्याईचे २०० ॲम्पियर. रेझोनन्सचा करंट मोजून त्यानं फिल्टर इकाले आणला होता.

केव्हीएआर_नागपूर

तेच. आता थोडं लांब लिहितो, कारण इथं चुकलं तर लाखांचा फटका आहे.

आधी आजचं. केव्हीएएच बिलिंग २०२० पासून आहे, त्यामुळं कपॅसिटर पूर्ण बंद ठेवणं परवडत नाही हे खरं. एपीएफसी ऑटोवरून काढा आणि मॅन्युअलवर पाच स्टेप ठेवा, १२५ केव्हीएआर. त्यावर रेझोनन्स ८.९ ला येतो, म्हणजे ७ आणि ११ च्या मधल्या रिकाम्या जागेत. सहा नको, तिथं सातच्या जवळ जाता, आणि चार पण नको, तिथं दहावर येऊन अकरावा वाढतो. जिन थांबले की कपॅसिटरही बंद करायचे. ही सीझन ढकलण्यापुरती सोय आहे.

पहिलं कायमचं काम म्हणजे प्रत्येक ड्राइव्हला ३ टक्क्यांचा लाईन चोक. लोक हे टाळून थेट फिल्टरवर उडी मारतात आणि फसतात. बिनचोकच्या ड्राइव्हवर ॲक्टिव्ह फिल्टर लावला की बसबारवरचं व्होल्टेज स्वच्छ होतं, आणि स्वच्छ व्होल्टेज मिळालं की तोच ड्राइव्ह आणखी टोकदार करंट खेचतो, मग फिल्टर आणखी ओततो, ड्राइव्ह आणखी खेचतो, असं करत फिल्टर आपल्या मर्यादेला टेकून बसतो. चोक लागला की हे थांबतं. तुमच्या २२० ॲम्पियरच्या ड्राइव्हमधून आत्ता ९०-९५ ॲम्पियर हार्मोनिक निघतंय, चोकनंतर ते साधारण ७५ वर येईल. शिवाय ड्राइव्हचे डायोड आणि आतले कपॅसिटरही जास्त जगतील.

दुसरं, एपीएफसीला डीट्यून्ड रिॲक्टर, ७ टक्क्यांचे. त्यानं प्रत्येक स्टेपची ट्यूनिंग १८९ हर्ट्झला येते, म्हणजे पाचव्याच्याही खाली, मग कितीही स्टेप आत घ्या, ५ व्या-७ व्यावर रेझोनन्स होऊच शकत नाही. पण जुने ४४० व्होल्टचे डबे त्याच्यासोबत वापरू नका, रिॲक्टरमुळं कपॅसिटरवर साडेसात टक्के व्होल्टेज चढतं, ४३३ चे ४६५ होतात. ५२५ व्होल्टचे घ्या. ५२५ वर २५ केव्हीएआरचा डबा तुमच्या व्होल्टेजला रिॲक्टरसकट १८ च्या आसपास देईल, स्टेपचा हिशोब त्याप्रमाणं करा. आणि अर्धे साधे, अर्धे रिॲक्टरवाले असं मिसळून अजिबात ठेवू नका. तसंही तुम्हाला आता २५० केव्हीएआरची गरज नाही, ते पॅनल ड्राइव्ह यायच्या आधीचं आहे. ज्या मोटरी ड्राइव्हवर गेल्या त्यांचा मूळ पॉवर फॅक्टर ड्राइव्हच चांगला ठेवतो, उरले ते डीआर जिन आणि प्रेस, तेवढ्यांपुरतं पॅनल करा.

मग येतो ॲक्टिव्ह फिल्टर. तो पॅरलल लागतो, सीटीवरून (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लोडचा करंट सतत वाचतो, त्यातला ५० हर्ट्झचा भाग वजा करून जे उरतं ते हार्मोनिक, आणि त्याच्या बरोबर उलटा करंट आतल्या आयजीबीटी (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) इन्व्हर्टरमधून लाईनमध्ये सोडतो. मागं ट्रान्सफॉर्मरकडं जवळपास शुद्ध साइन करंटच जातो. हा हिशोब दर क्षणाला करायचा कसा, ती थिअरी जपानच्या हिरोफुमी अकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली, आज बाजारातल्या बऱ्याच फिल्टरच्या मागं तीच किंवा तिच्यावरून आलेली पद्धत आहे. मोठी गोष्ट अशी की लोड बदलला की फिल्टर आपोआप बदलतो, एका फ्रिक्वेन्सीला बांधलेला नसतो. जिनिंगमध्ये ब्लोअरचा स्पीड दिवसभर खालीवर होतो, तिथं याचा फायदा खरोखर दिसतो. आणि त्याच्याकडं ठरलेल्या ॲम्पियरपेक्षा जास्त मागितलं तर तो जळत नाही, जेवढी क्षमता तेवढंच भरून थांबतो.

पण तुम्हाला किती मोठा लागेल? मर्यादा आयईईई ५१९ ची (हार्मोनिक्सचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) धरतात, सीईएच्या (केंद्रीय वीज प्राधिकरण) ग्रीड जोडणीच्या २००७ च्या, नंतर सुधारलेल्या, नियमांतही बल्क म्हणजे मोठ्या ग्राहकांसाठी तोच आधार आहे. मोजायचं ११ केव्हीच्या जोडणीच्या जागी. ११ केव्हीला व्होल्टेजचा टीएचडी ५ टक्के. करंटची मर्यादा मात्र सरसकट ५ टक्के नाही, हे व्हेंडर सांगत नाहीत. ती लाईनच्या ताकदीवर आहे, शॉर्ट सर्किट करंट भागिले तुमचा कमाल मागणीचा करंट. गुणोत्तर २० च्या खाली असेल तर ५ टक्के, २० ते ५० ला ८, ५० ते १०० ला १२, १०० ते १००० ला १५. एलटीचे ४५० ॲम्पियर म्हणजे ११ केव्हीवर जेमतेम १८. तुमच्या जागी फॉल्ट लेव्हल, म्हणजे लाईनची शॉर्ट सर्किट ताकद, १०० एमव्हीए असेल तर ५,२५० ॲम्पियर, भागिले १८, जवळपास २९०, म्हणजे मर्यादा १५ टक्के. सबस्टेशनपासून लांब, ३० एमव्हीएच असेल तर १२ टक्के. तेव्हा वीज कंपनीकडून तुमच्या जागेची फॉल्ट लेव्हल लेखी मागून घ्या.

चोक आणि डीट्यूनिंग झाल्यावर तुमचे ७५ ॲम्पियर, ४५० च्या १६-१७ टक्के. मर्यादेच्या थोडंच वर, त्यातही एकट्या ५ व्याची वेगळी मर्यादा आहे, तो एकटाच १४ टक्क्यांच्या आसपास राहील आणि तिथं चालतो १२ किंवा १०. म्हणून फिल्टर लागेलच, पण ६० ॲम्पियरचा पुरेल, पुढं आणखी ड्राइव्ह घेणार असाल तर ७५. २०० कुठं आणि ६० कुठं! चोक, रिॲक्टर आणि छोटा फिल्टर मिळून त्या एका मोठ्या फिल्टरपेक्षा स्वस्त पडेल, आणि मुख्य म्हणजे टिकेल. रेझोनन्स तसाच ठेवून वर फिल्टर बसवला असता तर त्याचा करंटही सरळ कपॅसिटरमध्येच शिरला असता.

सरकीतेल_अकोट

मधात बोलतो माफ करा. आमची सरकीची तेल मिल आहे, छतावर सोलर टाकलं. तेव्हापासून दुपारी मीटरवर करंट टीएचडी ३५-४० टक्के दाखवते, संध्याकाळी १२-१३. सोलरचा इन्व्हर्टर खराब आहे का? सोलरवाला म्हणते फिल्टर लावा.

केव्हीएआर_नागपूर

घाई करू नका. समजा तुमच्या मिलचं हार्मोनिक ४० ॲम्पियर आहे आणि संध्याकाळी ग्रीडमधून ३०० घेता, तर १३ टक्के. दुपारी त्यातले २०० सोलरनं दिले, ग्रीडमधून फक्त १०० आले, हार्मोनिकचे ४० तसेच, झाले ४० टक्के. हार्मोनिक वाढलं नाही, भागाकार बदलला. म्हणूनच स्टँडर्डमध्ये टीडीडी धरतात, कमाल मागणीच्या करंटवर. दुपारी आणि संध्याकाळी टक्के पाहू नका, ॲम्पियर पाहा. ते सारखेच असतील तर इन्व्हर्टरचा दोष नाही. पॉवर फॅक्टरचंही तसंच होतं, सोलर किलोवॅट भरतो पण केव्हीएआर ग्रीडमधूनच येतात, म्हणून दुपारी फॅक्टर पडलेला दिसतो. तिथं फिल्टरच्या आधी इन्व्हर्टरच्या सेटिंगमधून केव्हीएआर देता येतात का ते पाहा.

वायरमन_यवतमाळ

एक मीही इचारतो. जिनिंगच्या ऑफिसात, क्वार्टरमधी न्यूट्रल लय गरम होते, कधी कधी फेजपेक्षा जास्त. ते या फिल्टरनं जाईन का?

केव्हीएआर_नागपूर

तो तिसरा हार्मोनिक, एलईडी, कॉम्प्युटर, सिंगल फेज चार्जर यांचा. तीन फेजचे तिसरे हार्मोनिक एकमेकांना कापत नाहीत, न्यूट्रलमध्ये बेरीज होते. तीन वायरचा फिल्टर त्याला हात लावत नाही, त्याला चार वायरचा लागतो. पण एका ऑफिसपुरतं असेल तर फिल्टर नको, न्यूट्रल फेजएवढी किंवा दुप्पट जाडीची ओढा, सरसकट अर्ध्या साईजची घालतात तिथंच जळते.

जिन_हिंगणघाट

मालकांना सगळं वाचून दाखवलं. पाच स्टेपवर ठेवल्यापासून किरकिर बंद, काटा स्थिर. चोक मागवले, रिॲक्टरवालं पॅनल सीझन संपल्यावर, फॉल्ट लेव्हलचा अर्ज टाकला. ६० ॲम्पियरच्या फिल्टरचं कोटेशन घेतो आहे. बसवताना काय पाहायचं? आणि आमचं काम सहा महिने चालतं, बाकी वेळ फिल्टर नुसता पडून राहील, चालेल का?

केव्हीएआर_नागपूर

बसवताना सगळ्यात जास्त घोळ सीटीचा होतो. ट्रान्सफॉर्मरकडून येताना आधी एपीएफसीचा फाटा, मग फिल्टरचा, त्यानंतर सीटी आणि मग लोड, असा क्रम ठेवा, म्हणजे कपॅसिटरचा आणि फिल्टरचा स्वतःचा करंट सीटीत येणार नाही. सीटीवरची पी१ खूण ट्रान्सफॉर्मरकडं, तिन्ही फेजचे एकाच दिशेनं, आर च्या जागी आर. एक जरी उलटा लागला तर फिल्टर त्या फेजचं हार्मोनिक कमी करायच्या ऐवजी वाढवतो. चालू केल्यावर त्याच्या स्क्रीनवरचे आकडे खरे मानू नका, तुमचा ॲनालायझर मेनवर लावून आधी-नंतर बघा आणि तेच पाहून पैसे द्या, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. सीटीची सेकंडरी चालू लाईनवर उघडी ठेवायची नाही, शॉर्टिंग लिंक बसवून घ्या.

जागा जिन हॉलमध्ये अजिबात नको. आत मोठे पंखे असतात, ते उडती रुई ओढून हीटसिंकला चटई लावतात, आणि गरम भागावर रुई म्हणजे आगीला बोलावणं. वेगळी खोली, जाळीचा फिल्टर, दर आठवड्याला साफ. बहुतेक मशीनचं रेटिंग ४० डिग्रीपर्यंत असतं, मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं पत्र्याखाली ते केव्हाच ओलांडतं, त्यामुळं खोलीला एसी नाहीतर चांगला एग्झॉस्ट पाहिजेच.

ऑफ सीझनचं म्हणाल तर पूर्ण मरू देऊ नका. आत डीसी बसला कपॅसिटर असतात, त्यात इलेक्ट्रोलाइट प्रकारचे असतील तर ते फार काळ बिनव्होल्टेज राहिले की कमजोर होतात आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की जातात. महिन्यातून एकदा सप्लाय देऊन काही तास नुसता चालू ठेवा. पावसाळ्यात कॅबिनेटमध्ये ओल धरते, स्पेस हीटर मागून घ्या आणि तो वेगळ्या सप्लायवर जोडा, म्हणजे मेन बंद असतानाही चालेल. केबलच्या एंट्रीची भोकं फोमनं बंद करा, नाहीतर उंदीर आणि पाली आत शिरतात, आपल्या भागात कार्ड जाण्याचं ते मोठं कारण आहे. पुढच्या सीझनला पहिली गाडी लागायच्या आठ दिवस आधी चालू करून पाहा, काही निघालंच तर माणूस नागपूरहून यायला वेळ मिळेल.